पत्रकार आमदार झाला की त्याचं पुढे काय होतं?

तालुका वार्ताहर:
नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्यातले एक ज्येष्ठ पत्रकार विधानसभेला उभे राहणार अशी जोरदार चर्चा आहे. मी बातमी लिहायला त्यांच्या हाताखालीच शिकलो, म्हणून जीव गुंतलाय. ऑफिसात सगळे म्हणतात, पत्रकार पक्षात गेला की ना धड पत्रकार राहतो ना धड पुढारी. पत्रकारितेतून येऊन एखादं राज्य नीट चालवलेला माणूस कुठे आहे का? आणि पडलाच, तर परत लिहायला बसता येतं का?

साखरपट्टा:
आपल्याकडे आचार्य अत्रे आहेतच की. 'मराठा' चालवला, संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवलं, आमदारही झाले. पण कारभार हातात आला नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं.

मुक्काम मॉन्ट्रियल:
उरलेलं अर्धं मी देतो. मी कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतात राहतो. इथे १९७६ ते १९८५ मुख्यमंत्री होते (इथे प्रीमियर म्हणतात) रने लेव्हेक. हाडाचे बातमीदार. गॅस्पे भागातल्या न्यू कार्लाइलमध्ये वाढले, शाळकरी वयातच गावच्या रेडिओ केंद्रावर काम करू लागले. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेबरोबर वार्ताहर म्हणून युरोपात गेले. डाखाऊची छळछावणी मोकळी झाली तेव्हा आत शिरलेल्या पहिल्या काही बातमीदारांत ते होते.

१९५६ पासून टीव्हीवर त्यांचा 'प्वाँ द मीर' हा कार्यक्रम लागायचा. हातात खडू, मागे फळा आणि नकाशा, बोटांत सिगारेट. सुएझ काय, अल्जीरिया काय, कारखान्यातल्या कामगाराला समजेल असं सांगायचे. १९६० मध्ये लिबरल पक्षाकडून मॉन्ट्रियल-लॉरिएमधून उभे राहिले आणि जेमतेम १२९ मतांनी निवडून आले.

आता मुद्दा. ते मंत्री झाले, पण फळा सोडला नाही. तेव्हा प्रांतातली बरीचशी वीज खासगी कंपन्यांच्या हातात होती. गॅस्पेत दर मॉन्ट्रियलपेक्षा कितीतरी जास्त. अबिटिबी भागात २५ सायकलची (हर्ट्झची) वीज, बाकीकडे ६०. म्हणजे इथलं यंत्र तिकडे चालणार नाही. लेव्हेक यांनी गावोगावी जाऊन आकडे मांडले. १९६२ ची निवडणूक याच प्रश्नावर झाली, लिबरल जिंकले आणि १९६३ च्या मे महिन्यात हायड्रो-क्युबेक या सरकारी वीज कंपनीने त्या कंपन्या ताब्यात घेतल्या. खर्च ६० कोटी डॉलरच्या घरात. आजही आमच्याकडे विजेच्या बिलाला नुसतं 'हायड्रो' म्हणतात. हायड्रोचं मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्याला लेव्हेक यांचंच नाव दिलंय.

पण माझ्या मते त्यांच्यातला पत्रकार सगळ्यात जास्त दिसतो तो १९७७ च्या पक्षनिधीच्या कायद्यात. पूर्वीचे मुख्यमंत्री ड्युप्लेसी यांच्या राजवटीत ठेकेदार आणि कंपन्यांचा पैसा सत्ताधारी पक्षाच्या तिजोरीत कसा जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. पुढे लिबरल सोडून स्वतःचा पक्ष काढला आणि १९७६ मध्ये सत्तेत येताच वर्षभरात कायदा केला: देणगी फक्त मतदाराने द्यायची, वर्षाला जास्तीत जास्त ३,००० डॉलर. कंपनी नाही, युनियनही नाही. युनियनवाले त्यांच्याच बाजूचे होते, तरी नाही! स्वतः लेव्हेकना या कायद्याचा फार अभिमान होता. तुमच्या सरांना एकच विचारा, प्रचाराचा पैसा कुठून येणार?

साखरपट्टा:
दादा, पण हेच ना ते भाषेच्या कायद्यावाले? बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घालायला लावलं म्हणे.

मुक्काम मॉन्ट्रियल:
हो, तेच. कायदा १०१, तोही १९७७ चाच. माझी मुलगी त्यामुळेच फ्रेंच शाळेत गेली. पहिल्या वर्षी घरी तिच्या गृहपाठातलं आम्हा दोघांना एक अक्षर कळेना, सगळी भिस्त शेजारच्या आजींवर. तरीही मी त्या कायद्याच्या बाजूने आहे. आपल्याच शहरात मोठ्या दुकानात आपल्या भाषेत कुणी बोलत नाही, हा अनुभव इथल्या फ्रेंच माणसाने पिढ्यान् पिढ्या घेतला होता, आणि मुंबईच्या मराठी माणसाला तो वेगळा सांगावा लागत नाही. लेव्हेक स्वतः मात्र म्हणायचे की भाषेसाठी कायदा करावा लागणं हेच लाजिरवाणं आहे. कायदा खरा रेटला तो त्यांचे मंत्री कामीय लोराँ यांनी.

तालुका वार्ताहर:
काका, खूप आभार. पण सगळं चांगलंच झालं असं नसणार ना? चुकलं कुठे?

मुक्काम मॉन्ट्रियल:
चुकलं तर. १९८० मध्ये क्युबेकच्या सार्वभौमत्वासाठी सार्वमत घेतलं. प्रश्न इतका लांबलचक की कागदावर परिच्छेदच झाला, आणि मागणं तर फक्त कॅनडाशी वाटाघाटी करण्याच्या परवानगीचं. जवळजवळ ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं. फळ्यावर चार रेघांत जग समजावून सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न एवढा गुंतागुंतीचा का केला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या रात्री हरलेल्यांसमोर उभे राहून म्हणाले, 'तुमचं म्हणणं मला नीट समजलं असेल तर तुम्ही सांगताय, पुढच्या वेळी.'

त्याहून जास्त दुखावले ते शिक्षक आणि सरकारी कर्मचारी. मंदी आली आणि १९८३ च्या सुरुवातीला तीन महिने त्यांच्या पगारात सुमारे २० टक्के कपात केली. ज्यांनी निवडून आणलं त्यांच्याच खिशात हात! शिक्षक संपावर गेले. ती जखम पक्षाला फार वर्षं भोवली.

आता परत लिहिण्याचं. १९६८ मध्ये स्वतःचा पार्ती केबेक्वा पक्ष काढल्यावर १९७० आणि १९७३ अशा दोन्ही निवडणुकांत ते स्वतः पडले. त्या काळात वर्तमानपत्रात स्तंभ लिहूनच घर चालवलं, पक्षही सांभाळला. १९८५ मध्ये पद सोडलं, पुढच्या वर्षी आत्मचरित्र आलं, रेडिओवर पुन्हा बोलू लागले. १९८७ च्या १ नोव्हेंबरला हृदयविकाराने गेले. तेव्हा ६५ वर्षांचे होते आणि कामावरच होते.