कोल्ह्याची गोष्ट गुऱ्हाळात येऊन अडकलीय

वडणग्याची_आत्या:
मंडळी, भाचरांना दर सुट्टीत भोपळ्यातली म्हातारी सांगून तोंड दुखलं. आता "नवीन सांग" म्हणून डोकं खातात. म्हटलं आपलीच एक लबाड कोल्ह्याची रचू. जागा तर डोळ्यांपुढं आहे, माहेरचं जुनं गुऱ्हाळ. चुलवणात चिपाडं धडधडतायत, काहिलीत रस उकळतोय, गूळ करणारा गुळव्या रसावरची मळी काढतोय. कोल्हा उसातनं येतो, म्हणतो "तुझ्या घरात चोर शिरलाय." गुळव्या पळतो, कोल्हा गूळ खातो. संपलं! थोरला भाचा, वय 9, म्हणतो, "कोल्ह्याला त्याचं घर कसं माहीत?" गप्प बसले. आणि शेवटी कोल्ह्याला मार द्यावा का? शाळेत द्यायची तर खाली तात्पर्य लागतं म्हणे. मला ते नकोय.

काहील_उतरली:
आत्या, चोराची थाप कुठंबी चालंल, त्याला गुऱ्हाळ कशाला पायजे? मी 8 हंगाम गुळव्याच्या हाताखाली काढल्यात. पाक आला का बघायला थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळती का बघायची. ती गोळी शेवटी कुणाच्या तरी तोंडातच जाती. कोल्ह्याला तिथं बसवा की! गुळव्या नवा, मिशीला पीळ, पण हाताला अंदाज न्हाई. कोल्हा चाखून सांगतो, "कच्ची हाय." आणि पहिली गोळी खरंच कच्ची असू दे. एकदा खरं बोलला की दुसऱ्यांदा कोण इचारतंय?

रंकाळ्याचा_वारा:
वरच्या भावाचं एकदम बरोबर. फक्त गुळव्या नुसता भोळा नको, नाहीतर पोरं कोल्ह्यावर चिडतात. म्हाताऱ्या गड्याला विचारता येत असूनही "मला येत नाही" म्हणायची त्याला लाज, असं करा. आणि कोल्ह्याला कोल्हेकुई करून पकडून देऊ नका. पंचतंत्रातला निळा कोल्हा तसाच सापडतो, पोरं आधीच ओळखतील.

झोपमोड:
गोळ्या तीनच. चौथीला आमची घोरायला लागतात.

वडणग्याची_आत्या:
परवा रात्री सांगितली!! पहिली गोळी कच्ची, खरंच. दुसरी झालेली, तरी कोल्हा म्हणतो "जरा अजून." म्हातारा गडी खोकून दाखवतो, गुळव्या तिकडं बघतच नाही. तिसरीपर्यंत पाक पार पुढं गेलेला. कोल्ह्यानं गोळी चावली आणि बसली की दातखीळ! वरचे दात खालच्या दातांना. गुळव्या विचारतो, "कच्ची काय?" कोल्हा "म्म्म." "मग, झाली?" "म्म्म." मिशीला पीळ देऊन गुळव्यानं काहील उतरवली. सकाळी गूळ गार करायच्या वाफ्यात गूळ काळा कुळकुळीत, पहारीनं फोडावा असा. मालक विचारतोय, कुणाच्या सांगण्यावरनं केलंस? आता हा काय सांगणार, कोल्ह्याच्या?

मार कुणालाच दिला नाही, तात्पर्यही नाही. थोरल्याची एकच शंका, "कोल्ह्याचे दात सुटले का?" म्हटलं, उद्या बघू.

धाकटी मात्र कालपासून ओठ आवळून फिरतेय. जेवलीस का? "म्म्म." अभ्यास झाला? "म्म्म." वहिनी माझ्यावर खवळलीय.