परिषदेचा अभिप्राय प्रमाणपत्राच्या रांगेत घ्यावा, की तीन महिन्यांनी?

जुळे सोलापूर (धागा सुरू करताना)

गेल्या महिन्यात आपल्या सोलापुरात वैद्यकीय ग्रंथपालांची दोन दिवसांची परिषद झाली. मी एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि दोन्ही दिवस पूर्ण वेळ उपस्थित होते. समारोपानंतर प्रमाणपत्रांच्या टेबलापाशी रांग लागली, तिथे प्रत्येकाला एक पानी अभिप्राय पत्रक देण्यात आले आणि ते भरून दिल्यावरच प्रमाणपत्र हाती आले. निवास, भोजन, सभागृह, वक्ते, वेळेचे नियोजन असे प्रश्न होते आणि प्रत्येकासमोर ‘उत्कृष्ट’ ते ‘असमाधानकारक’ अशा चौकटी होत्या. कोणाला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायची होती, कोणाला लातूरची एसटी. कर्तव्य रजा मंजूर होण्यासाठी प्रमाणपत्र तर प्रत्येकालाच हवे होते, आणि दोन दिवस आपल्यासाठी राबलेले सहकारी पत्रक घ्यायला समोर उभे होते. अशा वेळी माणूस ‘उत्कृष्ट’वर खूण करतो. मीही केली. पुढे आयोजकांनी सर्वांना कळवले की बहुसंख्य प्रतिनिधींना परिषद उत्कृष्ट वाटली.

या पत्रकांवरून पुढच्या परिषदेची आखणी होणार असेल, तर ती चुकेल असे मला वाटते, आणि त्याचे कारण माझ्याच अनुभवातून सांगते.

दुसऱ्या दिवशी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतील शोधावर कार्यशाळा होती. वक्त्यांनी विषयशीर्षकांची, म्हणजे लेखांना विषयानुसार दिल्या जाणाऱ्या ठरावीक शीर्षकांची, रचना फार सुरेख उलगडून दाखवली. आपण ‘हार्ट अटॅक’ असे लिहिले तरी पबमेड तो शब्द आपणहून ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या प्रमाण शीर्षकाशी जोडते, परंतु तेच शब्द अवतरणचिन्हांत घातले की ही जोडणी थांबते आणि लिहिलेले शब्द जिथे जसेच्या तसे सापडतील तेवढेच लेख हाती येतात, हे त्यांनी पडद्यावर करून दाखवले. मात्र चार जणांत एक संगणक होता आणि इंटरनेट वारंवार तुटत होते, त्यामुळे मी ते पाहिले, स्वतःच्या हाताने एकदाही केले नाही. परिषदेनंतर नवव्या दिवशी एक निवासी डॉक्टर सर्पदंशावरील प्रबंधासाठी पूर्वसंशोधन शोधायला माझ्याकडे आल्या. त्यांनी एक लांबलचक शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहिला होता आणि त्यांना मोजकेच लेख मिळत होते. कार्यशाळेत याविषयी काहीतरी सांगितले होते एवढेच मला आठवले, पण नेमके काय ते आठवेना. ‘स्नेक बाइट्स’ हे शीर्षक शोधून त्यांना वाट दाखवायला मला दुसरा दिवस उजाडला. मी काय शिकले नाही, हे मला नवव्या दिवशी कळले. माझा अभिप्राय मात्र परिषदेच्या दुसऱ्या दिवशीच घेऊन झाला होता.

संशोधन नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीसाठी असलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेवरील सत्राविषयीही लिहिणे आवश्यक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ही योजना निःसंशय मोठी आहे: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. परंतु तिचा लाभ केंद्र व राज्य शासनांच्या अखत्यारीतील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे, आणि सभागृहात खासगी महाविद्यालयांतून आलेले आम्हीही बरेच जण होतो. आमच्या निवासी डॉक्टरांना पूर्ण लेख हवा असेल तर पबमेड सेंट्रल हा पूर्ण लेखांचा मोफत संग्रह, मुक्त प्रवेशाची म्हणजे विनामूल्य वाचता येणारी नियतकालिके आणि डेलनेटसारख्या जाळ्यातून होणारी आंतरग्रंथालयीन देवघेव हेच मार्ग उरतात. त्यांवर एक शब्दही निघाला नाही. वक्त्यांचे विवेचन उत्तम होते, म्हणून आम्हीही त्यांना ‘उत्कृष्ट’ दिले. त्या खुणेत आमची अडचण कुठे दिसणार?

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की प्रमाणपत्राचा आणि अभिप्रायाचा संबंध तोडावा, आणि तीन महिन्यांनी प्रत्येक प्रतिनिधीला विचारावे की परत गेल्यावर आपण त्यातले काय वापरले.

होटगी रोड

मॅडम, मी आयोजन समितीत होतो, त्यामुळे माझे उत्तर पूर्ण तटस्थ असेल असा दावा करत नाही. एका संगणकावर चार जण ही आमची चूक होती आणि ती मान्य आहे. परंतु आपल्या प्रस्तावाला माझा विरोध आहे.

प्रमाणपत्राच्या आधी पत्रक घेण्यामागे सक्तीचा हेतू नव्हता. पूर्वी एका कार्यशाळेनंतर आम्ही अभिप्राय ईमेलने मागवला होता, तेव्हा आलेली उत्तरे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी होती आणि ती बहुतेक अतिशय संतुष्ट किंवा अतिशय नाराज असलेल्यांचीच होती. मधल्या मोठ्या वर्गाला नेमके काय वाटले हे आम्हाला कळलेच नाही. रांगेतला अभिप्राय सौम्य असतो हे खरे, पण तो निदान सगळ्यांचा असतो.

निवास आणि भोजनाचे प्रश्न आपल्याला गौण वाटलेले दिसतात. सोलापूरच्या उन्हात कलबुर्गी किंवा सांगलीहून प्रवास करून, बहुतेकदा स्वखर्चाने नोंदणी शुल्क भरून येणाऱ्या प्रतिनिधींसाठी ते गौण नसतात. एका महिला प्रतिनिधीने पत्रकात लिहिले होते की निवासाच्या ठिकाणाहून सभागृहापर्यंतचा रस्ता रात्री अंधारा असतो आणि पहिल्या दिवशी कार्यक्रम लांबल्यामुळे त्यांना एकटीने परतावे लागले. हे तीन महिन्यांनी कोणी लिहिले नसते. पुढच्या वेळी वाहनाची सोय करायची, असे आम्ही त्या एका वाक्यावरून ठरवले आहे.

सात रस्ता

मी शासकीय महाविद्यालयातील ग्रंथालयात आहे. धागाकर्त्या मॅडमचा मुद्दा मला अर्धाच पटतो, आणि न पटलेला अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

परिषदेनंतर तीन महिन्यांत माझ्या ग्रंथालयात काय बदलले, याचे उत्तर परिषदेवर फार थोडे अवलंबून असते. ते अधिष्ठात्यांवर, खरेदी समितीवर आणि किती पदे रिक्त आहेत यावर अवलंबून असते. मी एका परिषदेतून कोहा ही ग्रंथालयाच्या कामकाजाची संगणक प्रणाली चांगली शिकून आलो होतो. मुक्त स्रोताची प्रणाली असल्याने सॉफ्टवेअरसाठी पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर लागतो आणि दाखल नोंदवह्यांतील जुन्या नोंदी संगणकात उतरवायला माणसे लागतात. ती माणसे मिळायला दोन वर्षे गेली. तीन महिन्यांनी मला कोणी विचारले असते, तर ‘काहीही वापरले नाही’ असेच लिहावे लागले असते आणि ज्यांनी मला मनापासून शिकवले त्या वक्त्यांच्या नावापुढे शून्य पडले असते. हे मला न्याय्य वाटत नाही.

शिवाय शासकीय योजनेवरील सत्राने माझे स्वतःचे काम सोपे झाले. नियतकालिक वर्गणीत आले म्हणजे वाचकापर्यंत पोहोचले असे होत नाही. प्रत्येक विभागाला जाऊन दाखवावे लागते. ते कसे दाखवायचे, हे मी त्याच सत्रात शिकलो. जे खासगी महाविद्यालयांच्या उपयोगाचे नव्हते ते निरुपयोगी होते, असा अर्थ कृपया निघू नये.

शुक्रवार पेठ

मी सेवानिवृत्त ग्रंथपाल आहे. प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे यावर अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या: सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, कामातील वर्तनात झालेला बदल आणि संस्थेला दिसलेला परिणाम. रांगेतले पत्रक पहिल्या पायरीवर थांबते. आपण तीन महिन्यांनी जे विचारू पाहता ती तिसरी पायरी आहे, आणि सात रस्त्याच्या सरांची तक्रार अशी की त्यांच्याकडून चौथीचा हिशेब मागितला जाईल. दुसऱ्या पायरीचे, म्हणजे शिकण्याचे, मात्र कोणीच बोलत नाही. ती सर्वांत स्वस्त आहे. कार्यशाळा संपताना प्रत्येकाला एक शोधप्रश्न द्यावा आणि स्वतः सोडवायला सांगावा. जुळे सोलापूरच्या मॅडमना आपल्याला काय आले नाही हे त्याच दुपारी कळले असते, आणि वक्त्यांनाही.

विजापूर रोड

मी ग्रंथपाल नाही, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा डॉक्टर आहे. आपण सर्व जण ग्रंथपालांना काय विचारावे याची चर्चा करत आहात, पण ज्यांच्यासाठी ही परिषद शेवटी भरते त्या वाचकाला कोणी विचारत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, हे मला आमच्याच ग्रंथपालांनी सांगितले होते. सर्पदंशावर काम करणाऱ्या त्या निवासी डॉक्टरचा एक दिवस गेला की वाचला, हे त्यांच्याकडूनच का समजून घेऊ नये?

जुळे सोलापूर

अंधाऱ्या रस्त्याचा मुद्दा वाचून मी माझे एक म्हणणे मागे घेते. असे प्रश्न त्याच दिवशी विचारले पाहिजेत आणि ते पहिल्याच दिवशी संध्याकाळी विचारावेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी काही करता येईल.

कोहाविषयी सरांनी लिहिले तेही योग्य आहे. म्हणून ‘काय बदलले’ असे न विचारता ‘काय करून पाहिले आणि ते कुठे अडले’ असे विचारावे. ‘सर्व्हर मिळाला नाही’ हे उत्तर वक्त्याविरुद्ध जात नाही, उलट पुढच्या परिषदेत अधिष्ठात्यांपुढे प्रस्ताव कसा मांडावा यावर एखादे सत्र घेण्याचे ते कारण ठरू शकते. आपले सत्र निरुपयोगी होते असे मला म्हणायचे नव्हते. आपल्या आणि माझ्या खुणा एकाच सरासरीत मिसळल्या गेल्या, एवढीच माझी हरकत आहे. उत्तर देणारा शासकीय संस्थेतला की खासगी, हा एक प्रश्न त्या पत्रकात असता तरी हे वेगळे दिसले असते.

प्रमाणपत्राविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. कमी उत्तरे आली तरी चालतील, पण ती रजेच्या गरजेपोटी दिलेली नसावीत.

होटगी रोड

प्रमाणपत्रावर आपले एकमत होणार नाही असे दिसते. उत्तरे फारच थोडी आली तर त्यांच्या आधारे समितीला काही पटवून देणे किती कठीण जाते, हे मी पाहिले आहे. शासकीय-खासगीचा प्रश्न आणि ‘कुठे अडले’ हा प्रश्न, हे दोन्ही मी समितीच्या पुढच्या बैठकीत मांडतो. कार्यशाळेअखेर शोधप्रश्न द्यायचा तर प्रत्येकाला संगणक हवा, त्यासाठी एका वेळी कमी प्रतिनिधी घेऊन तीच कार्यशाळा दोनदा घ्यावी लागेल. मॅडम, तेव्हा सरावासाठी आपला सर्पदंशाचाच प्रश्न ठेवावा असे मला वाटते. आपल्या निवासी डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्यांनी प्रथम लिहिलेला तो शब्दसमूह कृपया कळवावा.