नामशेष ठरवलेले प्राणी जंगलात उरलेले असू शकतात का? शोध घ्यायचा तर कसा?

तळजाई_टेकडी
नमस्कार मंडळी. कोथरूडचा आमचा सहा जणांचा पक्षीनिरीक्षकांचा गट आहे. दोन कॅमेरा ट्रॅप आणि एक ऑडिओमॉथ (आवाज आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र) हाताशी आहे, शनिवार-रविवार मोकळे असतात. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये सापडलेला रानपिंगळा (छोटं घुबड) सगळ्यांना ठाऊक आहे. मग गुलाबी डोक्याचं बदक, जर्डनचा धाविक, तस्मानियन वाघ यांच्याबद्दल काय समजायचं? कुणाला शोधण्यात अर्थ आहे, हे कशावरून ठरवतात? आणि पुण्यातून जाऊन-येऊन करता येईल असं काही काम आहे का, ज्यातून 'आम्हाला दिसला नाही' यापलीकडे काही हाती लागेल? भिगवणला, उजनी जलाशयावर काढलेल्या एका धूसर फोटोवरून गटात वादही चालू आहे. बदक आहे, डोकं गुलाबीसर दिसतंय.

जुने_नमुने
शेवटचा प्राणी मेला याबद्दल वाजवी शंका उरली नसेल तरच आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना त्या प्रजातीला 'नामशेष' म्हणते. त्यासाठी जुन्या सगळ्या क्षेत्रात, योग्य अधिवासात, योग्य हंगामात आणि योग्य वेळी कसून शोध झालेला असावा लागतो. म्हणून 'किती वर्षं दिसला नाही' हे नंतर विचारा. आधी विचारा की शोधायला कोण गेलं, कुठे, कुठल्या महिन्यात आणि किती वाजता.

रानपिंगळ्याचंच बघा. १८७२ ते १८८४ या काळातले एकूण सात नमुने, म्हणजे पेंढा भरून जपलेले पक्षी. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात होता आणि त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं ठिकाण होतं. ती चिठ्ठी खोटी निघाली. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला जुना नमुना उसवून, पुन्हा भरून त्याने स्वतःच्या नावावर लावला होता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी कातडीची शिवण आणि भरण तपासून तो डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला असल्याचं दाखवलं. म्हणजे त्या एका चिठ्ठीने शेवटच्या नोंदीचं साल ३० वर्षांनी पुढे ढकललं होतं आणि शोधणाऱ्यांना भलत्याच ठिकाणी धाडलं होतं. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांचा शोधही निष्फळ गेला. खोटी नोंद बाजूला काढून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गेले, तेव्हा पक्षी दिवसाउजेडी निष्पर्ण झाडावर बसलेला मिळाला.

आता थोडं गणित. प्रजाती जिवंत असूनही इतकी वर्षं न दिसण्याची शक्यता काढायचं, संख्याशास्त्रज्ञ सोलो यांचं १९९३ चं एक साधं सूत्र आहे. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंतची वर्षं भागिले पहिल्या नोंदीपासून आजपर्यंतची वर्षं, आणि त्याचा घातांक म्हणजे पहिली सोडून उरलेल्या नोंदींची संख्या. रानपिंगळ्यासाठी १९९७ मध्ये हे (१२ ÷ १२५) चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.००००००८ येतं. पक्षी जिवंत असूनही इतकी वर्षं नोंद न होण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी! तरी तो होता. गणित चुकलं नाही, त्याचं गृहीतक चुकलं. शोध दरवर्षी सारखाच होत राहिला असं हे सूत्र धरून चालतं. इथे तर शंभर वर्षं योग्य जागी कुणी फिरकलंच नव्हतं. म्हणून असा आकडा दिसला की त्याच्या शेजारी शोधाचे तास लिहिलेत का ते बघा.

तस्मानियन वाघाची (ऑस्ट्रेलियाजवळच्या तस्मानिया बेटावरचा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) गोष्ट वेगळी. शेवटचा ज्ञात प्राणी ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. कुत्र्याएवढा प्राणी, शोध भरपूर, कॅमेरे भरपूर आणि रस्त्यावर गाडीखाली आलेला एकही मृतदेह नाही. माझ्या मते तिथे आशा धरण्यासारखं काही नाही.

उजनीकाठ
फोटोपुरतं बोलतो. उजनीला हिवाळ्यात मोठी लालसरी येते. नराचं डोकं नारिंगी-तांबूस, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, लांबून, धुरकट हवेत ते गुलाबी भासतं. फोटोत डोकं बघू नका, कूस बघा. लालसरीची कूस पांढरी आणि छाती काळी. गुलाबी डोक्याच्या बदकाचं अंग सगळं काळपट तपकिरी, कुशीवर पांढरं काही नाही. उडताना पंखाची खालची बाजू लालसरीची पांढरी, याची फिकट गुलाबी. शिवाय ते बिहार-बंगालकडच्या उंच गवताच्या दलदलीतलं बदक, उजनीसारख्या उघड्या पाण्यावरचं नव्हे. त्याची जंगलातली शेवटची खात्रीची नोंद १९३५ ची, दरभंग्याकडची. फोटोची मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोच्या रंगावर निर्णय घेऊ नये.

रात्रीचा_माळ
जर्डनच्या धाविकावर (जमिनीवर धावणारा एक छोटा पक्षी) माझा जीव आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

१९०० नंतर दिसला नव्हता. जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात भरत भूषण आणि बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पथकाला सापडला, तोही पक्षी पकडणाऱ्या स्थानिक माणसांच्या माहितीवरून. जुन्या नोंदींत आपल्या गडचिरोलीतलं सिरोंचाही आहे. निशाचर पक्षी, काटेरी झुडपांच्या विरळ रानातला. आपला साधा धाविक दिवसा उघड्या माळावर दिसतो आणि त्याच्या छातीवर पट्टे नसतात. याच्या छातीवर दोन तपकिरी पट्टे असतात. दिवसा माळ तुडवून तो मिळणार नाही.

कडप्पातल्या लंकामल्ल अभयारण्यात हा धाविक शोधताना उपयोगी पडलेली पद्धत तुम्हालाही जमेल. झुडपांमधल्या मोकळ्या वाटांवर चाळलेल्या मऊ मातीचे पट्टे पसरायचे, फळीने सपाट करायचे आणि सकाळी ऊन तिरपं असतानाच ठसे वाचायचे. ऊन डोक्यावर आलं की सावली जाते आणि ठसा दिसेनासा होतो. प्रत्येक ठशाचा फोटो पट्टी ठेवून, बरोबर वरून. दव पडलं, वारा सुटला किंवा शेळ्या गेल्या की ती रात्र वाया. तिची नोंद 'ठसा नाही' अशी करायची नाही, 'वाचता आलं नाही' अशी करायची. बहुतेकांचा हिशेब इथेच बिघडतो.

कॅमेरा: छोट्या पक्ष्यासाठी जमिनीपासून २०-२५ सेंमी उंचीवर, वाटेपासून २-३ मीटर अंतरावर, वाटेला तिरका. वाघ-बिबट्यासाठी बांधतात तसा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलात तर पक्षी खालून निघून जाईल. तोंड उत्तरेला, समोरचं गवत कापलेलं, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या काड्यांचे हजारो रिकामे फोटो. सेन्सर अंगाच्या आणि जमिनीच्या तापमानातला फरक ओळखतो. उन्हाळ्यात जमीन तापलेली असते आणि तो फरक उरत नाही, म्हणून हिवाळा बरा. घड्याळ दोनदा तपासा. बॅटरी काढली की काहींची तारीख मागे जाते.

ऑडिओमॉथ: हा धाविक सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने थोडाच वेळ ओरडतो. रोज तीन तास, ४८ किलोहर्ट्झ ठेवलंत तर तासाला साधारण ३४६ एमबी, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे ६० रात्री.

तळजाई_टेकडी
फार उपयोगी. पण किती रात्री लावल्या म्हणजे 'नाही' म्हणता येतं?

रात्रीचा_माळ
पक्षी तिथे असताना एका कॅमेऱ्यात एका रात्रीत तो टिपला जाण्याची शक्यता २ टक्के धरली, तर ९५ टक्के खात्रीसाठी १४९ रात्री लागतात. दोन कॅमेऱ्यांना पंचाहत्तर-पंचाहत्तर. शक्यता अर्धा टक्का असेल तर ५९८. ढोबळ नियम असा की तीनाला त्या शक्यतेने भागायचं.

पण ते २ टक्के आणायचे कुठून? पुण्यातून करता येण्यासारखं काम ते हेच. सुप्याकडच्या माळांवर करवानक आहेत. तेही निशाचर, जमिनीवरचे, झुडपी रानातले. जिथे ते आहेत हे पक्कं ठाऊक आहे तिथे तुमचे कॅमेरे, मातीचे पट्टे आणि ऑडिओमॉथ लावा आणि किती रात्रींत किती वेळा नोंद होते ते मोजा. करवानक धाविकापेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळे धाविकासाठी आकडा कमीच धरावा लागेल. तरी हवेतल्या आकड्यापेक्षा तो शंभर पटीने बरा.

ओढाकाठ
मंडळी पक्ष्यांतच अडकलीत. सापडण्याची खरी शक्यता लहान, रात्री ओरडणाऱ्या, एखाद्या ओढ्यापुरत्या उरलेल्या जीवांची असते. चालाझोड्स हा झुडूपबेडूक १३६ वर्षांनी पुन्हा सापडल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू यांच्या 'हरवलेले उभयचर' मोहिमेत अशा पाच प्रजाती मिळाल्या. ताम्हिणी-मुळशीत जून ते सप्टेंबर रात्री ८ ते ११ आवाज नोंदवा, सोबत तापमान आणि आर्द्रता लिहा. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून घ्या. बेडकांची बुरशी चिखलाबरोबर फिरते.

गावात विचारपूस करताना आधी फोटो दाखवू नका. वर्णन ऐका, मग आठ-दहा चित्रं ठेवा आणि त्यात भारतात नसलेला एक पक्षी मुद्दाम घाला. त्यालाही कुणी 'हो, बघितलाय' म्हटलं तर ती मुलाखत बाजूला ठेवा. शब्दही जपून. आपल्याकडे बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतात, त्यामुळे 'चित्ता पाहिला' म्हणजे चित्ताच पाहिला असं होत नाही.

वनजमिनीवर किंवा अभयारण्यात कॅमेरा लावायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. खाजगी माळावर मालकाची. आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. आणि काही मिळालंच तर मूळ फाइल तशीच जपून ठेवा, इथे टाकायच्या प्रतीतून जीपीएस काढा, तालुक्यापलीकडे ठिकाण लिहू नका.

तळजाई_टेकडी
कूस पांढरीच आहे, लालसरीच ती. वाद मिटला. सुप्याजवळच्या एका शेतकरी काकांच्या पडीक माळावर करवानकापासून सुरुवात करतो. वाया गेलेल्या रात्रींसाठी वहीत वेगळा रकाना आखलाय.