वायफायचा पासवर्ड बदलायचाय, पण मग तो लक्षात कोण ठेवणार?

उंबरठा

घरी फायबरचं कनेक्शन आहे. कंपनीने भिंतीवर लावून दिलेला एकच डबा, तोच मोडेम आणि तोच राउटर. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसतात. पासवर्ड जोडणी करणाऱ्या माणसाने ठेवला तोच अजून आहे, घरातला दहा आकडी मोबाइल नंबर. तो एव्हाना निम्म्या विंगला पाठ झालाय. जोडलेल्या वस्तू: पाच फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दाराचा कॅमेरा, तीन स्मार्ट बल्ब.

बदलायचं ठरलंय, पण नक्की काय काय बदलायचं आणि कुठल्या क्रमाने? दुसरं म्हणजे घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आहेत. अवघड पासवर्ड ठेवला की तो फ्रिजवर चिकटतो. शिवाय बँक, गॅस, वीजबिल, रेल्वे, पेन्शन यांचे पासवर्ड आहेतच. वहीत लिहू नका म्हणतात, सगळीकडे एकच ठेवू नका म्हणतात. मग माणसाने करायचं काय?

कडीकोयंडा

आधी तो मोबाइल नंबर काढा. का ते कळलं की पुन्हा तसाच ठेवायचा मोह होणार नाही.

डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वायफायला कुलूप लावायच्या नेहमीच्या पद्धतीत, फोन राउटरला जोडला जाताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्याला ती हवेतून टिपता येते. त्यासाठी ताटकळायलाही लागत नाही. तो राउटरच्या नावाने तुमच्या फोनला खोटा ‘तोड’ निरोप पाठवतो, फोन क्षणभर सुटतो, आपला आपण परत जोडला जातो, तेवढ्यात काम झालं. पुढचं सगळं तो घरी बसून करतो. तिथे तुमचा राउटरच नसतो, त्यामुळे ‘पाच वेळा चुकलात, थांबा’ म्हणणारं कुणी नाही. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड टिपलेल्या निरोपांशी सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड ताडून बघतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. भागाकार करा: ४,००० सेकंद. सव्वा तासाच्या आत देशातले सगळे नंबर लावून झाले. आडनावापुढे १२३ लावलं असेल तर चहा होईपर्यंत सापडेल.

आता क्रम. डब्याच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण चुकूनही दाबू नका. नवा पासवर्ड देण्यासाठी त्याची गरज नसते. काही सेकंद दाबून धरलं की इंटरनेट जोडण्यासाठी कंपनीने भरलेलं पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा पुसला जातो. वायफायचा दिवा लागलेला दिसतो, पण इंटरनेट येत नाही, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत बसा. म्हणून राउटरच्या पानात (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंग्जमध्ये) शिरल्यावर पहिलं काम म्हणजे ‘वॅन’ या बाहेरच्या जोडणीच्या भागातली ही माहिती कागदावर उतरवणं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असतील तर कंपनीला फोन करून आधीच विचारून घ्या.

लॅपटॉप शक्यतो लॅनच्या केबलने जोडा. वायफायवरून बदल केलात तर ‘सेव्ह’ म्हणताक्षणी तुम्हीच बाहेर फेकले जाता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाहीतर १९२.१६८.०.१. जिओच्या डब्यांना १९२.१६८.२९.१. यातलं काहीच चाललं नाही तर फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो आकडा असतो तो. पान उघडत नसेल तर मोबाइल डेटा बंद करून बघा, आणि १ च्या जागी इंग्रजी एल पडलाय का तेही. ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा येईल. एरवी तो गंभीरपणे घ्यायचा, पण स्वतःच्या घरच्या राउटरपुरता इलाज नाही.

आत गेल्यावर आधी राउटरचा स्वतःचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड बदला. तो आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक इथेच गोंधळतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, तेवढंच भांडवल.

मग वायरलेस सिक्युरिटी. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र असा पर्याय असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस ही सांकेतिक पद्धत. टीकेआयपी लिहिलेलं काही निवडू नका, डब्ल्यूईपी तर नकोच, त्या जुन्या, कच्च्या पद्धती आहेत. २.४ आणि ५ या दोन्ही बँडना वेगवेगळं करावं लागतं. लोक एकाचा पासवर्ड बदलतात आणि दुसऱ्यावर जुनाच राहतो.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद. त्याची पिन आठ आकडी दिसते, पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे. आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. म्हणजे दहा कोटी नव्हे, १०,००० अधिक १,००० एवढेच प्रयत्न. २०११ पासून ही गोष्ट जाहीर आहे, तरी कित्येक डब्यांत ते चालू असतं. काही ठिकाणी बटणाचं आणि पिनचं असे दोन स्विच असतात, दोन्ही बघा.

रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरच्या सेटिंग्ज बदलायची सोय, बंद. यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये आपोआप बाहेरची दारं उघडू देणारी सोय, तीही बंद, ऑनलाइन खेळांना अडचण आली तर बघू. टीआर-०६९ ला हात लावू नका. ती कंपनीची स्वतःची वाट आहे, त्यावरूनच तिचे अपडेट येतात.

गच्चीवरचा

एवढा खटाटोप कशाला? नेटवर्कचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे ज्यांचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) यादीत आहे त्यांनाच प्रवेश. नाव दिसलंच नाही तर कोण कशाला जोडेल? मग पासवर्ड सोपा असला तरी चालतो.

तारतम्य

गच्चीवरचे साहेब, उलटं होतं. नाव लपवलं की राउटर गप्प बसतो, पण मग फोनला ओरडावं लागतं. घरातला प्रत्येक फोन जिथे जाईल तिथे, एसटी स्टँडवरसुद्धा, ‘अमुक नावाचा राउटर आहे का’ असं पुकारत राहतो. लपवलेलं नाव एखादा फोन जोडला जाताना हवेत उघडच दिसतं.

मॅक फिल्टरचंही तेच. मॅक पत्ता हवेतून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर उघडा लिहिलेला असतो, तो बघून आपल्या लॅपटॉपला लावायला एक कमांड पुरते. वर त्रास आपल्यालाच. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात. नेटवर्क विसरून परत जोडलं की तो बदलूही शकतो. मग फिल्टर बाहेरच्याला नव्हे, आजोबांना अडवतो.

‘कुणी वापरलं तर वापरलं, डेटा अमर्याद आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी: जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. तपास आधी कुणाच्या दारात पोचला असेल ते सांगायला नको. आयपी पत्ता ज्याच्या नावावर, जबाब त्याचा.

त्यापेक्षा गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करा. पाहुणे, शेजारची मुलं, कॅमेरा, बल्ब सगळे तिथे. मात्र कंपनीच्या स्वस्त डब्यांत ‘गेस्ट’ हे नुसतं दुसरं नाव असतं, आत भिंत नसते. चाचणी सोपी आहे. फोन गेस्टवर जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि राउटरचं पान उघडून बघा. लॉगिनचा चौकोन आला तर भिंत नाही. ‘आयसोलेशन’ असा पर्याय शोधा आणि पुन्हा तपासा.

शब्दखूण

पासवर्ड कसा बनवायचा त्याबद्दल. ८ ते ६३ अक्षरं चालतात आणि ती रोमनमध्येच टाका, देवनागरीच्या फंदात पडू नका. अभंगाची ओळ, आरतीचं धृपद, सिनेमातला डायलॉग नको. लोकांच्या तोंडी असलेलं सगळं कुणाच्या ना कुणाच्या यादीत असतं.

घरात मराठी शब्दकोश असेलच. ० ते ९ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करून वाटीत टाका. एक काढा, लिहा, परत टाका, हलवा. असं तीनदा केलं की पान क्रमांक मिळतो. त्या पानावरचा पहिला शब्द घ्यायचा. कोशात नसलेलं पान आलं किंवा शब्द अगदीच अगम्य निघाला तर पुन्हा चिठ्ठ्या काढा. त्याच पानावर ‘बरा’ शब्द शोधत बसू नका, माणसाची आवड ओळखता येते. असे पाच शब्द. समजा झारी, ओसरी, मुरंबा, पखाल, टिटवी आले. झारीतून ओसरीवर सांडलेला मुरंबा, पखालीवर बसलेली टिटवी, असं काहीतरी खुळचट चित्र मनात तयार होतं आणि तेच लक्षात राहतं. हा नमुना मात्र वापरू नका, तो आता इथे छापून झालाय.

हिशोब: हजार पानांचा कोश धरू आणि हल्लेखोराकडे तोच कोश आहे असंही धरू. चार शब्दांच्या शक्यता म्हणजे चार वेळा हजार घेऊन त्यांचा गुणाकार. सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने त्या साडेअकरा दिवसांत संपतात. पाचव्या शब्दाने तोच आकडा जवळजवळ ३२ वर्षांवर जातो. शंभर कार्डं भाड्याने घेणारा मागे लागण्याइतके तुम्ही मोठे असाल तर सहावा शब्द घ्या.

खरी गोची स्पेलिंगची. टिटवीला व्ही की डब्ल्यू? ओसरीला शेवटी एक आय की दोन ई? घरातले चार जण चार तऱ्हांनी लिहितात आणि ‘पासवर्ड चुकतोय’ म्हणून बोंब होते. नियम एकदाच ठरवा: ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, इ-ईला एक आय, आ-अला एक ए, व नेहमी व्ही, अनुस्वार नेहमी एन, अगदी मुरंब्यातही. सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही, चिन्ह नाही. चिन्हांनी जी ताकद येते ती एका जादा शब्दाने त्याहून जास्त येते, आणि टीव्हीच्या रिमोटने मोठं अक्षर आणि ॲट द रेट टाकणं ही शिक्षा आहे.

दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं सोडा असं सांगितलं, कारण लोक शेवटचा १ काढून २ करतात. भाडेकरू गेला किंवा पासवर्ड फुटल्याची शंका आली की बदला.

वहीवाली

उंबरठा, वहीत लिहा. खुशाल लिहा. तुमच्या बँकेच्या पासवर्डवर टपलेला माणूस दुसऱ्या राज्यात बसलेला असतो, त्याचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची भीती असेल तर प्रत्येक पासवर्डला एक शेपूट लावा, चार-पाच अक्षरांचं, सगळीकडे तेच, आणि ते मात्र वहीत कधीच लिहायचं नाही. वही कुणाच्या हाती लागली तरी तिच्यातला पासवर्ड तसाच टाकून चालत नाही. यूपीआयची आणि एटीएमची पिन वहीतही नको.

वहीचा फोटो काढू नका. फोटो क्लाउडवर जातात, आणि गॅलरी बघायची परवानगी आपण किती ॲप्सना दिलेली असते! कॉन्टॅक्टमध्ये ‘एटीएम काका’ नावाने पिन ठेवणं तर चोरांनाही पाठ आहे.

डोक्यात तीनच ठेवायचे: फोनचं कुलूप, मुख्य ई-मेल आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे बाकीचे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ॲप. ई-मेल का, तर बाकी सगळ्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतं. ज्याच्या हाती ई-मेल त्याच्या हाती सगळं. त्याला दुहेरी तपासणी लावा आणि गूगल देतं ते आठ आकडी दहा बॅकअप कोड छापून वहीत चिकटवा. फोन चोरीला गेला की ओटीपीही गेला, तेव्हा हेच कामी येतात.

मॅनेजर म्हणून बिटवॉर्डन फुकट आहे. ऑनलाइन काहीच नको असेल तर कीपासएक्ससी, पण त्याच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची जबाबदारी तुमची. दोघांनाही वरच्या पद्धतीचे सहा शब्द लावा. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच एका मॅनेजरच्या ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यानंतर ज्याचा मुख्य पासवर्ड तकलादू, तो धोक्यात. वर्षातून एकदा लागणाऱ्या साइटचा पासवर्ड लक्षात ठेवूच नका, दरवेळी नवा मागून घ्या.

आणि ‘आईचं माहेरचं आडनाव’ या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नका. ते गावभर ठाऊक असतं. काहीतरी भलतंच लिहा आणि वहीत नोंदवा.

उंबरठा

बहुतेक सगळं झालं. पाच शब्द निघाले, आजींना चित्र आवडलं. फोन, लॅपटॉप, टीव्ही नव्या नेटवर्कवर आले. गेस्टची चाचणी केली, आधी लॉगिन दिसत होतं, आयसोलेशन चालू केल्यावर थांबलं. पण तीन बल्ब आणि कॅमेरा काही केल्या गेस्टवर जोडले जात नाहीत. प्रिंटर गेस्टवर जोडला गेला, पण फोनला दिसत नाही.

कडीकोयंडा

प्रिंटर परत मुख्य नेटवर्कवर आणा. भिंत घातली म्हटल्यावर तो पलीकडून दिसणारच नाही. टीव्ही मुख्यवर आहे ते बरोबर, नाहीतर फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकता येत नाही.

बल्ब आणि असे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि डब्ल्यूपीए३ दिसलं की बिचकतात. गेस्ट फक्त २.४ वर ठेवा, सिक्युरिटी निव्वळ डब्ल्यूपीए२ एईएस करा. जोडणी करताना फोनही त्याच २.४ वर असू द्या. एवढ्यापुरतं आयसोलेशन बंद करावं लागलं तर करा, बल्ब लागले की परत चालू. बल्ब आधी रिसेट करावा लागतो. भिंतीवरचं बटण लागोपाठ चालू-बंद करत राहिलं की तो लुकलुकायला लागतो. किती वेळा ते कंपनीगणिक बदलतं, खोक्यावर लिहिलेलं असतं. एकेक बल्ब घ्या, तिन्ही एकदम लुकलुकवले तर कुठला जोडला गेला ते कळत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्डही याच वेळी बदलून टाका.

गेस्टला जुनंच नाव आणि जुनाच मोबाइल नंबर द्यायचा मोह होईल. बल्ब आपोआप लागतील, खरं आहे. विंगही लागेल.

फ्रिजवर काही चिकटवायचंच असेल तर गेस्टचा क्यूआर कोड छापून लावा. अँड्रॉइड १० पासून वायफायच्या पानावर ‘शेअर’ दाबलं की तो मिळतो. त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असतो, कुणीही स्कॅन करून वाचू शकतं, त्यामुळे मुख्य नेटवर्कचा कोड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला.