बाबा, पापा, मामा

(ग्रुप : वाड्यावरचे सगळे)

संजूदादा : रात्री लाइन होती म्हणून एक जुना इंग्रजी पिक्चर पाह्यला. मॅण्डी, १९५२ चा. पोरगी बहिरी. माय तिले मँचेस्टरच्या शाळेत नेते, बापाले पटत नाई. शेवटी पोरगी स्वतःचं नाव सांगते. रडलो ना बे.

मोठे काका : रडून झालं असन तर वावरात ये. सोयाबीन भिजून राह्यलं.

आत्या दर्यापूर : आम्ही मायलेकीनं पाह्यला तो. फुग्यावाला सीन खरा हाय. फुगा ओठाले लावून बोललं की थरथर हाताले समजते. पण पिक्चरमधे दीड तासात होते सारं. सगळे आरशासमोर जा अन् आवाज न काढता म्हणा : बाबा, पापा, मामा.

संजूदादा : तिन्ही सारखेच दिसते!

आत्या दर्यापूर : मंग? ब ले गळा थरथरते, म ले नाकही. प ले काहीच नाई, फक्त हवा, कागदाची पट्टी हालते. आमच्या पोरीलेही ऐकू येत नाई, तिले ‘बाबा’ यायले आठ महिने लागले. पयल्यांदा म्हणाली तं ह्यायले वाटलं मामाले हाक मारली. दोन दिवस रुसून होते.

धाकटी वहिनी : आत्या, एक विचारू? छकुली १४ महिन्यांची झाली. हाक मारली तं पाहत नाई. थाळी वाजवली की पाहते.

आत्या दर्यापूर : कुठून वाजवली?

धाकटी वहिनी : पाळण्याजवळूनच.

आत्या दर्यापूर : पाळणा थरथरला असन, नाई तं हात दिसला असन. थाळीवर जाऊ नको.

मोठे काका : आपल्या घरात सारेच उशिरा बोलते. संजू तीन वर्षं मुका होता. आता बंद होत नाई.

आत्या दर्यापूर : दादा, मलेही एका डॉक्टरनं ‘वाट पाहा’ म्हटलं होतं. दोन वर्षं पाह्यली. जन्मल्यावर पयल्या महिन्यात कानाची तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन, असा नियम हाय. अकोल्याले मेडिकलमधे बेरा टेस्ट (कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचते का, ते पाहाची) होते का, फोन करून विचारा. नाई तं नागपूर.

ताई अमरावती : आई, हातवाऱ्यांचंही सांग ना. १८८० मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि बऱ्याच शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. माझ्या शाळेतही हातावर पट्टी बसायची. मी बोलते, पण दिवसभर ओठ वाचून डोकं ठणकतं. मैत्रिणींशी खुणांनी बोलते तेव्हाच पोटभर हसते. छकुलीला मशीन लागलं तरी दोन्ही शिकवा.

संजूदादा : ताई, तू अशी पुस्तकी काहून लिहितं?

ताई अमरावती : वऱ्हाडी कानावर पडलीच नाही, दादा. मराठी वाचून शिकले.

(बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

मोठे काका : मी आताच फोन केला. अकोल्याले होते म्हणतात. गुरुवारी ६ ले गाडी काढतो.

आत्या दर्यापूर : टेस्ट झोपेत असते. पहाटे लवकर उठवा अन् गाडीत झोपू देऊ नका, नाई तं तिथं टक्क जागी राहीन.

मोठे काका : मंग रस्ताभर गाणी म्हणतो.

ताई अमरावती : काका, गाणी नकोत. गुदगुल्या करा.