नजर बदलली, पण कुठवर?
घटस्फोटितांच्या मुलांवरच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं, 'शहरात आता या मुलांकडे कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही.' ते शाळा-सोसायटीपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. लग्नाचा विषय निघाला की मात्र ते खरं राहत नाही. माझ्या भाचीला एक स्थळ आलं होतं. शिक्षण, नोकरी, पत्रिका, सगळं पसंत. आईवडील वेगळे झालेत म्हटल्यावर निरोप आला, 'तिला एकत्र घराची सवय नसेल.' ती वाढली आजोळी! आजी, दोन मामा, माम्या, मामेभावंडं, रोज दहा माणसांचा स्वयंपाक. हे विचारायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. मुलीला भेटण्याआधीच तिच्या स्वभावाचा निकाल लागला, याचा मला अजून राग येतो.

त्या चर्चेत कागदपत्रांचा मुद्दा राहिलाय. तिथे कायदा समाजाच्या पुढे गेला आहे. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव पुरतं. मुलाचं आडनाव ठरवण्याचा आईचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केला. ते प्रकरण पतीच्या निधनानंतर पुन्हा लग्न केलेल्या आईचं होतं, तरी त्यातला विचार इथेही लागू पडावा असं मला वाटतं. तरीही क्लासच्या नाहीतर स्पर्धेच्या साध्या फॉर्मवर 'वडिलांचं नाव' सक्तीचं असतं आणि ते का रिकामं, हे लेकराला खिडकीपाशी सगळ्यांसमोर सांगावं लागतं. असे फॉर्म तुमच्यापैकी कुणाच्या हातात असतील तर तिथे नुसतं 'पालकाचं नाव' लिहा.