मदत हवी आहे: हरभऱ्याच्या मुळाभोवती रंग काहून बदलत नाही?

पूर्णाकाठ: दर्यापूर तालुका, अकरावीचा वर्ग. पेशी ऊर्जा खर्चून आयन कसे बाहेर ढकलतात ते मुलांना दाखवायचंय. ब्रोमोक्रेसॉल पर्पल (आम्लता वाढली की जांभळ्याचा पिवळा होणारा रंग) घातलेल्या अगारमध्ये (समुद्री शेवाळापासूनची जेली) मोड आलेल्या हरभऱ्याची मुळं दाबली. मुळाभोवती पिवळं व्हायला पाहिजे, पण रात्रभरानंतरही जांभळंच. पाणी बोअरचं. मुळात सोडियम-पोटॅशियम पंप नसतो का?

प्रयोगवही: आधी पाणी बदला, सर. खारपाणपट्ट्यातल्या (पूर्णेच्या खोऱ्यातला खाऱ्या पाण्याचा भाग) बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. मुळानं सोडलेला प्रोटॉन (आम्लता वाढवणारा हायड्रोजन आयन) ते तिथंच गिळतं, सामू (pH) हलत नाही. गॅरेजातून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा (अ‍ॅसिड नव्हे, लेबल वाचा).

१०० मिलि पाण्यात ०.७ ग्रॅम अगार उकळून विरघळवा. रंग फक्त ६ मिलिग्रॅम लागतो, तो साध्या तराजूवर तोलता येणार नाही. १०० मिलिग्रॅम रंग १० मिलि स्पिरिटमध्ये विरघळवा आणि त्यातलं ०.६ मिलि सिरिंजनं घाला. मग चुन्याची निवळी थेंबथेंब सोडत लालसर जांभळ्यावर थांबा, सामू ६ च्या आसपास येतो. खाण्याचा सोडा नकोच, तेही बायकार्बोनेटच. अगार ४० अंशांच्या खाली आल्यावरच मुळं ठेवा, नाहीतर ती शिजतात. तुलनेला एक मूळ मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून मेलेलं घ्या, एक बशी फ्रीजमध्ये ठेवा.

जिवंत मुळाभोवती काही तासांत पिवळं दिसतं. फिकट छटा श्वसनाच्या कार्बन डायऑक्साइडचीही असू शकते, सामू ५.२ च्या खाली गेला की ठसठशीत पिवळा येतो, तो बहुतांशी मुळातल्या प्रोटॉन पंपाचा.

मातीवाला: पंपाबद्दल. सोडियम-पोटॅशियम पंप प्राण्यांचा: एका एटीपीत (पेशीचं ऊर्जेचं चलन) ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूत दाखवला. हरभरा-कपाशीत तो नाही. तिथं प्रोटॉन पंप आहे, साधारण एका एटीपीला एक प्रोटॉन. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत शिरताना दुसऱ्या प्रथिनामार्फत सोडियम बाहेर काढतात.

कृषी केंद्रातलं ०-०-५० खत (पोटॅशियम सल्फेट) एक ग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवा, त्यातलं २ मिलि दुसऱ्या बशीच्या अगारात घाला आणि सामू त्यानंतर लावा. पोटॅशियम आत घेताना मूळ प्रोटॉन जास्त सोडतं, पिवळं लवकर येतं. १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) मात्र चालणार नाही: नायट्रेट आत शिरताना प्रोटॉन सोबत नेतं, रंग उलट जांभळा होतो.

पूर्णाकाठ: मग खाऱ्या पाण्यात शेत तुंबलं की हरभरा लगेच का बसतो?

मातीवाला: प्राणवायू संपला की एका ग्लुकोजमागचे ३० च्या आसपास एटीपी २ वर येतात. पंप थंडावतो, सोडियम बाहेर काढायला जोर उरत नाही, आणि पानांच्या कडा करपतात.